कपाटातल्या काकू

३ सप्टेंबर

पोचलो एकदाचे! चार बॅगा, एक नवरा, अडीच वर्षांची एक ढब्बू आणि मी, सगळे नग शाबूत. ढब्बूने विमानात पुढच्या सीटवरच्या माणसाचे केस ओढले आणि वर त्यालाच बघून अशी हसली, की बिचारा उलट हिलाच सॉरी म्हणाला. बापावर गेली आहे, चोर तो चोर.

घर चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधल्या पॅसेजमध्ये भिंतीतलं कपाट. कपाटात गरम पाण्याची टाकी, बादली, पोछा. घरमालकिणीने टाकी कशी चालू करायची ते हातवारे करकरून दाखवलं. मी मान डोलावत होते, कळलं शून्य. इथे आपली भाषा आम्हा तिघांखेरीज एकालाही येत नाही. नवरा म्हणाला, बरंच आहे की, भर बाजारात कुणालाही खुशाल नावं ठेव. मी लगेच त्याच्या आईपासून सुरुवात केली.

निघताना मी रडत रडत आईला 'जाते गं' म्हणाले, तर तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. जाते म्हणू नये, येते म्हणावं, जाते म्हणणारं माणूस परत येत नाही. मग ढब्बूकडूनही तिने 'येते' घोकून घेतलं. आता ही पोर या खोलीतून त्या खोलीत जातानाही 'येते हं' म्हणते. बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून ही वही घेतली आहे. रोज लिहायचं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतंय ते!

११ सप्टेंबर

नवरा सातला जातो, सातला येतो. मधले बारा तास मी आणि ही. गालात घास धरून तासभर बसते. चमचा बघितला की तोंड वळवते, भात फेकते. शेवटी आज मी घराण्याचा जुना उपाय काढला. मी लहानपणी जेवायला त्रास दिला, की आई खिडकीतून शेजारच्या काकूंना हाक मारायची, अहो काकू, घेऊन जा हो हिला, आम्हाला नको! की मी गपागप जेवायचे.

इथे शेजारच्या काकू कुठून आणू? मी आपलं कपाटाचं दार वाजवलं आणि तीच हाक मारली. ढब्बूचे डोळे हे एवढे झाले, पण घास खाली उतरला. ताट चाटूनपुसून साफ. मला तर नाचावंसं वाटलं.

१९ सप्टेंबर

काकू म्हणजे रामबाण. दात घासायचे नाहीत? काकू. दुपारी झोपायचं नाही? काकू. दिवसातून दहादा तरी मी लेक देऊन टाकते.

गंमत म्हणजे ढब्बूची भीती गेली. ती आता दाराच्या फटीला तोंड लावून काकूंशी गप्पा मारते आणि उठताना 'येते हं काकू' म्हणते. आज बाहुलीला भरवताना म्हणाली, सावकाश गं माझी सोनी. मला जरा नवल वाटलं. मी घाईगर्दीची बाई, सावकाश हा शब्द माझ्या तोंडी येत नाही, नवऱ्याच्याही नाही. फोनवर आजीचं ऐकलं असेल.

२६ सप्टेंबर

आजचं लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

सकाळपासून किरकिर. दूध सांडलं, गादी ओली केली, मी उचलायला गेले तर दंडाला कडकडून चावली. खालच्या मजल्यावरचा माणूस छताला काठी ठोकत होता. मी हात उगारला. उगारला काय, मारलीच. गालावर पाच बोटं उठली. मग मी स्वतःच रडत कपाटाच्या दारावर मुठी आपटल्या. खरंच न्या हो हिला, कायमची न्या, मला नको. दर वेळेसारखं नाटक नव्हतं ते. तेवढा क्षण मला खरोखर ती नको होती.

आतून कुणीतरी म्हणालं, 'बरं.'

टाकी गुडगुडते, हे मला माहीत आहे. टाकी 'बरं' म्हणत नाही.

२७ सप्टेंबर

नवऱ्याला सगळं सांगितलं, मारल्याचंसुद्धा. त्याने कपाट रिकामं करून दाखवलं. मागची भिंत ठोकली, भरीव आहे. म्हणाला, तुला झोप नाही गं, दुसरं काही नाही. ढब्बू बाजूला उभी राहून हसत होती. म्हणे, बाबा असले की काकू येत नाहीत.

३० सप्टेंबर

मी स्वयंपाकघरात होते, फार तर दहा मिनिटं. ढब्बू कपाटातून बाहेर आली. तोंड स्वच्छ पुसलेलं, केसांच्या दोन घट्ट वेण्या, भांग सरळ. ही पोर माझ्यापुढे कंगवा घेऊन दोन मिनिटं बसत नाही. तिच्या केसांच्या मला कधी वेण्या घालताच आल्या नाहीत.

दारासमोर हात जोडले. काकू, चुकलं माझं, चेष्टेत म्हणायचे हो, आमच्यात म्हणतात तसं. मी नाही देणार माझी मुलगी.

ढब्बू आत गेली आणि निरोप घेऊन आली. काकू म्हणतात, दिली ना? दिलेलं परत मागत नाहीत.

२ ऑक्टोबर

आज मी रडत होते तर जवळ आली, डोळे पुसले माझे. म्हणाली, काकू, तुम्ही रडू नका.

काकू. तुम्ही. मला!

मी तिला घट्ट धरलं. अगं मी आई ना तुझी, मी आई! ती परक्या घरी आलेल्या पोरीसारखी अंग चोरून उभी राहिली. आई कुठे आहे, विचारलं. तिने कपाटाकडे बोट केलं.

३ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणतात, थकवा. नवऱ्याला मात्र आता पटलंय. सकाळी तिने त्याला बाबाच म्हटलं आणि मग विचारलं, त्या काकू आपल्याकडे किती दिवस राहणार आहेत? त्याचा चेहरा पडला. परवाची तिकिटं काढली आहेत.

एक आधार आहे. आत जाताना अजून 'येते' म्हणते. येते म्हणते आणि येते. मी तो एक शब्द धरून बसले आहे.

४ ऑक्टोबर, सकाळ

नवरा कामावर, सुट्टीचे कागद करायला. मी म्हटलं नको जाऊ. म्हणाला, दोन तासांत आलो. 'आलो' म्हणाला, ते बरं झालं.

कपाटाला चारी बाजूंनी चिकटपट्टी. माझी ओढणी तिच्या मनगटाला, दुसरं टोक माझ्या कमरेला. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. ती शांत बसली आहे. वेण्या आजही आहेत — मी घातल्या नाहीत.

दुपार

डोळा लागला. कसा लागला — पाच मिनिटं फक्त —

पट्टी तशीच आहे. कुठेही सुटलेली नाही. खोलीत ती नाही.

ओढणी दाराच्या खालच्या फटीतून आत गेली आहे. ताणलेली. पलीकडे कुणीतरी आहे, माझी ढब्बूच, तिचा हात आहे, मला कळतं —

हाक मारली. आतून म्हणाली, काय हो काकू.

म्हटलं बाहेर ये बाळा, आई बोलावते. म्हणाली, आई इथेच आहे.

पट्टी निघत नाही. नखं तुटली. एका हाताने लिहिते आहे. कुणाला तरी कळायला हवं, मी दिली नव्हती, मनापासून नव्हती दिली, एकदाच, फक्त एकदाच —

ओढणी हळूहळू आत जाते आहे. सावकाश. मी पाय भिंतीला लावलेत.

ती बोलली —

जाते हं काकू.

जाते म्हणाली. नको गं, येते म्हण, ढब्बू येते म्हण, तुला शिकवलंय ना आजीने, येते —

दार आपणहून उघडलं. टाकी नाही आत. भिंत नाही. लांब आहे खूप — ती चालली आहे, कुणाचं तरी बोट धरून — मागे बघत नाही —

ओढणी सोडणार नाही. थांब राणी, मी पण ये —