लामान्ना ऊर्फ बर्फ

४ नोव्हेंबर
नवं काम सुरू. कानिओच्या छापखान्यात मृत्यूच्या पोस्टरांचा मजकूर यापुढे मी लिहिणार. गावात कुणी गेलं की काळ्या चौकटीचा कागद कोपऱ्याकोपऱ्यावर लागतो, तो वाचून लोक चर्चमध्ये येतात. इतके दिवस हे काम कानिओची मावशी करायची. तिला आता दिसत नाही. दिसत होतं तेव्हाही ती फक्त नाव, वय आणि प्रार्थनेची वेळ लिहायची. एवढंच लिहायचं तर माणसाने मरावं कशाला?

कानिओ माझा विद्यार्थी. म्हणाला, नाताळपर्यंत बघू बाई, जमतंय का. जमतंय का म्हणे. ह्याचे निबंध कुणी तपासले?

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर बेनेडेट्टा आम्हाला सांगायच्या, रूपक म्हणजे दोन दूरच्या घराण्यांची सोयरीक. आणि माणसाला त्याच्या जवळच्या वस्तूच्या नावाने हाक मारणं म्हणजे शेजारची उसनवारी. आपण सोयरीक करणाऱ्यांतल्या.

संकल्प: रूपकाशिवाय एकही पोस्टर जाणार नाही.

७ नोव्हेंबर
पहिलं पोस्टर. गवंडी गेला, बिचारा. मी लिहिलं, ‘त्याने अनंताकडे झेप घेतली.’ त्याची बायको छापखान्यात आली आणि काउंटरवर हात आपटून म्हणाली, झेप नाही घेतली, परांचीचं फळकूट तुटलं म्हणून पडला तो. कोर्टात केस चालणार आहे आणि तुम्ही लिहिताय झेप?

दुःखात माणसाला शैली कळत नाही. पोस्टर बदललं. कानिओ प्रूफ बघता बघता ब्रेड खात राहिला. पटलं असावं त्याला माझं.

११ नोव्हेंबर
सान मार्तिनोचा दिवस, बारमध्ये नवी वाईन. मालकीण नोकराला ओरडत होती, अरे खिडकीतला कापुचिनो छत्री विसरून गेला, पळ. पुढच्या टेबलावरच्या दोन कडक कॉफ्यांचं भांडण चाललं होतं, त्यांना तिने बाहेर जायला सांगितलं. माणसांना नावं असतात हे ह्या बाईच्या गावीच नाही.

मग तीच म्हणाली, कळलं का, बर्फाचं हृदय बिघडलंय. पोटेंझाच्या हॉस्पिटलात आहे. खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले.

बर्फ म्हणजे तेओदोरो लामान्ना. पेट्रोलपंप त्याने आयुष्यभर चालवला, पण त्याचे वडील डोंगरावरचा बर्फ आणून विकायचे, म्हणून तोही बर्फ. घरोघरी फ्रिज आले, वडील गेले, तरी बर्फच. मी एकटी त्याला तेओदोरो म्हणते. एकदा म्हणाला होता, तू अशी हाक मारलीस की मला वाटतं ह्याच नावाचे माझे आजोबा मागे येऊन उभे राहिलेत.

विनोदी स्वभाव.

१२ नोव्हेंबर, सकाळ
झोप नाही.

कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघराच्या दाराशी तेओदोरो वडिलांकडचा बर्फ घेऊन यायचा, गवतात गुंडाळलेला. आम्ही मुली तांदूळ निवडायच्या निमित्ताने दाराजवळ. एकदा त्याने माझ्या हातावर बर्फाचा तुकडा ठेवला. प्रार्थनेची घंटा झाली, हात जोडायचे होते. प्रार्थना संपेपर्यंत बाही कोपरापर्यंत भिजली.

शेवटच्या वर्षी, जत्रेच्या आधी, त्याने त्याच दारात विचारलं, माझ्याबरोबर येशील का? नुसतं जत्रेला नव्हे, हे दोघांनाही कळत होतं. मी म्हणाले, पहाटेला अवकाश आहे, पण पूर्वेला रंग आलाय. त्याने बाहीवरचं गवत झटकलं. मग बर्फ उतरवला आणि गेला.

होकार होता तो. कुणालाही कळला असता. त्याने लग्न केलं नाही, मीही नाही. तो काही बोलला नाही आणि मीच पुन्हा काय बोलणार? मुलीने एकदा सांगितल्यावर पुन्हा सांगायचं नसतं.

आता मात्र सांगणार. हॉस्पिटलात जाऊन, त्याच्या उशाशी बसून.

१४ नोव्हेंबर
हॉस्पिटलात फोन. तेओदोरो लामान्ना कसे आहेत विचारलं. नर्स दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, अगं, खिडकीशेजारच्या हृदयासाठी फोन आहे. मग मला म्हणाली, हृदय बरं आहे, काल त्याने सूप घेतलं. मूत्रपिंडाला घरी सोडलं, म्हणून आता खोली शांत आहे.

इतक्या शिकलेल्या मुली.

कुणाचा फोन आला म्हणून सांगू, असं तिने विचारलं. मी म्हणाले, सांगा, जुन्या ऋतूतली एक झुळूक. ती म्हणाली, बाई, नाव सांगा, इथे घाई आहे. तेवढ्यात तिला कुणीतरी बोलावलं. निरोप पोचला असेल.

१९ नोव्हेंबर
गुरुवारच्या पोटेंझाच्या बसने नक्की. पण उशाशी बसून म्हणायचं काय? दोन ओळी पुरेत, पण नेमक्या हव्यात. गलबत आणि बंदर नको, फार वापरलेलं. आजारी माणसासमोर सूर्यास्त नको. बर्फ घेता येईल, पण मग ते त्याचं टोपणनाव होईल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
गेले नाही. दुसरी ओळ पहिलीला शोभेना. अर्धवट घेऊन जाण्यापेक्षा पुढच्या गुरुवारी पूर्ण घेऊन जाणं हे त्याच्याही दृष्टीने बरं.

दरम्यान औषधवाल्याच्या आईचं पोस्टर केलं. वय सत्त्याण्णव. ‘अवेळी खुडलेली कळी.’ औषधवाला हसत होता, असं कानिओ म्हणतो. दुःखात काही माणसं हसतात.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
बस वेळेआधी सुटली. म्हणजे मी पोचले तेव्हा गेलेली होती. दुसरी ओळ मात्र जवळजवळ झाली आहे.

२ डिसेंबर
तेओदोरो पहाटे गेला. कार्मेलाने फोन केला. कार्मेला त्याची धाकटी बहीण, ती तिकडेच पोटेंझाला भाचीकडे राहून रोज त्याच्याजवळ बसायची. म्हणाली, मृतदेह उद्या थेट चर्चमध्ये आणणार, तू पोस्टरचं बघ एर्सीलिया, मला काही सुचत नाही.

बघते म्हणाले. दार लावलं. लिहिलं.

‘डोंगरमाथ्यावरचा एक दिवा विझला. वाऱ्याने नव्हे, पहाटेने विझवला. तेओदोरो लामान्ना.’

इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. दुसरी ओळही सापडली, हवी होती तशीच.

कानिओने विचारलं, बाई, खाली ‘ऊर्फ बर्फ’ घालू ना? मी म्हणाले, गेलेल्या माणसाच्या नावापुढे बर्फ? हे काय सरबताचं दुकान आहे? तो म्हणाला, पण अर्धं गाव लामान्ना आहे, लोकांना कळणार कसं? मी म्हणाले, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तो म्हणाला, तुमची मर्जी. आणि घाईत ‘पहाटेने’मधला एक काना खाल्ला, तो मी हाताने प्रत्येक पोस्टरवर घातला.

३ डिसेंबर
अंत्यविधी. कार्मेला, भाची, पाद्री, मी. आणि एक जोडपं, ते वेदीवरचं चित्र बघायला आलेले प्रवासी निघाले.

शवपेटी बाजारातून गेली तेव्हा मान द्यायला एकाही दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं नाही. भाजीवाली वजन करत राहिली. कार्मेला मागे वळून वळून बघत होती. म्हणाली, ह्या सगळ्यांच्या गाड्या त्याने ढकलल्यात, एर्सीलिया. रात्री-बेरात्री उठून पेट्रोल दिलंय. कोणी म्हणता कोणी नाही?

मी तिला समजावलं. काही दुःखं माणसाला घरातच खिळवून ठेवतात. पोस्टर वाचून लोक आतून हलले असणार.

४ डिसेंबर
बारमध्ये एकाने विचारलं, बर्फाची काही खबर? मालकीण म्हणाली, सूप घेतोय म्हणे. मी सांगितलं की काल त्याला पुरलं.

कप ठेवल्याचे आवाज. मग एकदम सगळे बोलायला लागले. दाराशी चिकटवलेलं माझं पोस्टर मालकिणीने बोटाने ठोकलं. हा बर्फ आहे? हा? आम्हाला वाटलं लामान्ना वकिलांच्या घरातला कुणी म्हातारा. दिवा काय, डोंगर काय, वीजमंडळाची नोटीस वाटली मला. एक म्हातारा टोपी हातात घेऊन रडायला लागला. माझ्या लग्नात गाडी त्याने चालवली होती, म्हणाला, आणि काल मी इथे पत्ते खेळत बसलो होतो.

मी पैसे ठेवून निघाले. कॉफी राहिली.

६ डिसेंबर
विचारांती: दोष मजकुराचा नाही. पोस्टरं फार उंच चिकटवली होती.

८ डिसेंबर
कार्मेला आली. बसली नाही. तिला बाजारात सगळं कळलं होतं. म्हणाली, महिना झाल्यावरच्या प्रार्थनेचं पोस्टर मी स्वतः सांगणार कानिओला, तू नको. मग म्हणाली, तुझं मन वाईट नाही, मला माहीत आहे. पण तुझं बोलणं ऐकलं की बाई, दार कुठे आहे तेच सापडत नाही.

कौतुक होतं की नाही, ठरवता आलं नाही.

२३ डिसेंबर
कानिओने नाताळचा केक दिला आणि सांगितलं, जानेवारीपासून मावशी सांगेल आणि माझा भाचा टाइप करेल. तुम्हाला त्रास नको बाई, थंडी आहे. मुलगा प्रेमळ आहे. माझ्या तब्येतीची काळजी करतो.

२ जानेवारी
महिन्याची प्रार्थना. पोस्टरवर वर मोठ्या अक्षरात ‘बर्फ’. खाली बारीक, लामान्ना तेओदोरो, पेट्रोलपंपवाला. वेळ. बस.

चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. बाजार बंद. बारची मालकीण पहिल्या रांगेत, काळ्या शालीत. मी खांबामागे होते. तिथून फक्त मेणबत्त्या दिसत होत्या, पण लोकांचं रडणं नीट ऐकू येत होतं.

नंतर कार्मेलाने दंडाला धरून बाजूला घेतलं. राग गेला होता. म्हणाली, एक विचारायचं राहिलं. हॉस्पिटलात तो रोज विचारायचा, कॉन्व्हेंट आली का? सकाळी, संध्याकाळी, दारात पाऊल वाजलं की. आम्हाला वाटलं, धर्माचं काही हवंय. नर्सने वरच्या मजल्यावरून एक सिस्टर बोलावली, चांगली होती बिचारी, हात धरून प्रार्थना म्हटली तिने. तिला सगळं म्हणू दिल्यावर तो म्हणाला, ही नव्हे. मग भिंतीकडे वळला.

कार्मेलाने रुमालाने नाक पुसलं. तू तिथेच शिकलीस ना, म्हणाली. कुणाला म्हणत असेल गं तो?

मी म्हणाले, असेल एखादं पाखरू, कुठल्यातरी जुन्या फांदीवरचं.

ती म्हणाली, पाखरू नको सांगूस एर्सीलिया. मी माणूस शोधतेय.

लोक तिला भेटायला आले, ती तिकडे गेली.

संध्याकाळ
उद्या कार्मेलाकडे जाऊन स्पष्ट सांगणार. बसने जायचं नाही, दोन गल्ल्यांवर तर राहते. रूपक वापरायचं नाही, हेही ठरलं.

फक्त सुरुवात कशी करावी ते सुचत नाहीये. ‘मी’ ह्या शब्दाने वाक्य सुरू केलेलं सिस्टर बेनेडेट्टांना आवडत नसे.