मागचा डावा पाय

२ मार्च, रविवार
आजपासून फर्निचर रिस्टोरेशन. गंभीरपणे. हार्मोनिका आणि बोन्साय माझ्या पिंडाचे नव्हते, हे मान्य. लाकूड आहे.

सासऱ्यांची खुर्ची आली. अस्सल अँटिक. १६ तारखेला सासरे कायमचे आमच्याकडे येणार. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही, एकटं ठेवणं शक्य नाही. त्यांची अट एकच: बसायला स्वतःची खुर्ची हवी, नाहीतर परत जातील. बायको म्हणाली, मागचा डावा पाय डुगडुगतो, तेवढा बसव, बाकी कशाला हात लावू नकोस. बाईला व्हिजन नाही.

५ मार्च, बुधवार
पाहणी केली. रंग काळपट, तेलकट. खुर्चीच्या उजव्या हातावर अंगठा मावेल असा खड्डा, गुळगुळीत. कुणाचा तरी वर्षानुवर्षांचा निष्काळजीपणा. पाय किरकोळ आहे, शेवटी बघू.

८ मार्च, शनिवार
घासायला सुरुवात. धूळ घरभर. बायको धुसफुसतेय. खड्ड्यात पुट्टी भरली, वरून पॉलिश पेपर मारला. आता बोट फिरवलं तरी कळत नाही. मेहुण्याचा फोन. पाय बसवला का, म्हणे. या घराण्याला पायापलीकडे काही सुचतच नाही.

११ मार्च, मंगळवार
एका व्हिडिओत मेण चोळत होते. चोळलं. दुसऱ्यात व्हार्निश मारत होते. तेही वर मारलं. दुहेरी फायदा.

१२ मार्च
वाळलं नाही. हवा दमट असणार.

१३ मार्च
वाळलं नाही. हार्डवेअरवाल्याने विचारलं, खाली काय लावलंय? सांगितलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. उद्धट माणूस.

१४ मार्च, शुक्रवार
टेबल फॅन लावला. मग बायकोचा हेअर ड्रायर. ड्रायर गेला. तिला योग्य वेळी सांगेन. खुर्चीवर माझी पाचही बोटं सुरेख उमटली आहेत.

१५ मार्च, शनिवार
बायको सासऱ्यांना आणायला निघाली. खुर्ची झाली का? झालीच आहे, म्हटलं. बाबा तिकडे जिन्यात दोनदा पडलेत, ती म्हणाली. परत गेले तर...

ती गेल्यावर सगळं व्हार्निश टर्पेंटाइनने खरवडून काढलं. हाताची सालं निघाली. खुर्ची कोरी करकरीत. पाय उद्या सकाळी.

१६ मार्च, रविवार, सकाळ
झाकण उघडं राहिल्याने गोंदाचा दगड झालाय. दुकानं बंद. टॅक्सी खाली येऊन उभी आहे.

१६ मार्च, संध्याकाळ
सासरे बसले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकले. उजवा अंगठा काहीतरी शोधायला लागला. पुढे गेला, मागे आला, परत पुढे. तेव्हा मला कळलं, तो निष्काळजीपणा कुणाचा होता.

"छान आहे खुर्ची, जावईबापू. पाहुण्यांसाठी असेल," ते म्हणाले. "माझी कुठे ठेवलीत?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पुष्कळ नजरा मी झेलल्या आहेत, पण ही सोसवेना. बॅग इतक्यात उघडू नका, असं सांगून सासरे उठायला लागले. जोर घ्यायला जरा मागे रेलले आणि पाय डुगडुगला.

ते थांबले. मुद्दाम परत मागे रेलले. परत डुगडुगला.

"अरे, हीच की," म्हणाले आणि नीट टेकून बसले. बायको आत जाऊन रडली. मग तिने बॅग उघडली.

१७ मार्च, सोमवार
पाय मी दूरदृष्टीने तसाच ठेवला होता, असं लिहायला बसलो होतो. लिहवेना.

सकाळी सासऱ्यांचा अंगठा अजून पुट्टीवरच फिरत होता. त्यांनी हळूच विचारलं, इथे खड्डा होता ना? होता, मी म्हटलं. मी बुजवला.

"असू द्या. पडेल परत," ते म्हणाले. "आता इथेच राहायचंय ना."

पायाला मात्र हात लावू नका, असंही म्हणाले. बायकोने माझी सगळी हत्यारं मेहुण्याकडे पाठवून दिली आहेत. हार्मोनिका कुठे ठेवली होती, बघायला हवं.