दुपारचं उत्तर

१२ फेब्रुवारी
प्रबंधाचं चौथं प्रकरण संपलं एकदाचं! विषय काय, तर कोथरूडच्या सोसायट्यांतल्या म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा. आणि एकटेपणा सापडलाच नाही. प्र. ७ – 'दिवसात कधी एकटं वाटतं का?' – ला बहुतेकांचं उत्तर 'कधीच नाही'. आलेख उघडला तर एका बाजूला डोंगर, दुसरीकडे सपाट माळ. बघतच राहिले. एकमेकांना न ओळखणारी माणसं, आपापल्या सोफ्यावर बसून बोललेली, आणि सगळ्यांचा मिळून असा आकार होतो? दर वेळी थक्क व्हायला होतं.

बाबांना दाखवला. फॉर्मची चाचणी पहिल्यांदा त्यांच्यावरच घेतली होती, सकाळच्या चहाला. प्र. ७ मी पुरता वाचायच्या आत 'कधीच नाही' म्हणून मोकळे.
"यात मी कुठे?"
"तुम्ही नाही यात. चाचणीतली माणसं मोजत नाहीत."
"बरं झालं," म्हणाले आणि पेपर उघडला.

१५ फेब्रुवारी
मॅडमनी वाचलं. "छान आहे." गाइडनी छान म्हटलं की मागून प्रश्न येतो.
"दुपारी कोण कोण भेटलं?"
"दुपारी कोणी कोणाकडे जातं का मॅडम?"
हसल्या. मॅडम मूळच्या अकोल्याच्या. "तुम्हा पुणेकरांचा दिवस एकला संपतो आणि चारला परत सुरू होतो, नाही का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. एक ते चार कोणाची बेल वाजवायची नाही, हे मला कोणी शिकवलेलंही नाही, हातच जात नाही. घरं निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, एकही घर मनानं घेतलं नाही, केवढा तोरा मिरवला होता त्याचा! आणि वेळ मात्र सगळी माझ्या सोयीची. सकाळी, नाहीतर संध्याकाळी. घरात सगळे असताना.

त्यातल्याच काहींना तेच प्रश्न दुपारी विचारायचे. मार्चअखेर समितीपुढे उभं राहायचंय. उत्तरं बदलली तर अख्खं प्रकरण गेलं. वर्षभराचं काम.

१९ फेब्रुवारी
पहिली दुपार. जिन्यातून दोनदा परत फिरले, मग बेल वाजवली. एका काकूंनी साखळी न काढता फटीतून विचारलं, "घड्याळ आहे का घरी?" मी म्हटलं, संशोधन आहे. "मग लिहा, झोपल्या होत्या." दार बंद. लिहिलं तसंच. तीही नोंदच आहे.

हुश्श. म्हटलं, बघा, झोपतात लोक. प्रकरण वाचतंय.

२० फेब्रुवारी
सबनीस काका. मागच्या महिन्यात यांच्याकडे सकाळी गेले होते. सूनबाईंनी पोहे दिले, नातू मांडीवर, आणि काका ठणकावून म्हणाले होते, "कधीच नाही! घर भरलेलं आहे आमचं." आज बेलवरून बोट काढायच्या आत दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. घरात चिटपाखरू नाही. मुलगा-सून खराडीला ऑफिसात, नातू पाळणाघरात.
"झोपला नव्हतात?"
"झोपायला आधी दमावं लागतं हो."

प्र. ७. एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "नाव येणार नाही ना?" नाही म्हटलं. "मग रोज. ताट विसळून ठेवलं की सुरू होतं, ते कुलपात किल्ली फिरेपर्यंत." आणि लगेच, "सुनेचं काही चुकत नाही. हेही लिहा. पोरगी गुणी आहे."

जिन्यात बसून लिहिलं. माणूस तोच, प्रश्न तोच, शब्दही तेच. फक्त ऊन वेगळं.

२७ फेब्रुवारी
आठवडाभर दुपारी हिंडतेय. काहींची उत्तरं तीच राहिली. घोरणारे घोरताहेत, त्यांचं भलं होवो. पण किती दारं बोट काढायच्या आत उघडतात! या शहराला आम्ही सगळे झोपलेलं समजत होतो आणि ही माणसं दाराशी जागी. नवा आलेख काढला. डोंगर खचलाय आणि माळावर दुसरा उभा राहिलाय. प्रकरण गेलं. रडायला हवं होतं, पण मी नुसती बघत बसले.

मॅडमना फोन. "मग खरं उत्तर कोणतं धरायचं? सकाळी खोटं बोलले का ते?"
"तुला वाटतं तसं?"
नातू मांडीवर असताना काकांचा चेहरा आठवला. "नाही."
"मग दोन्ही लिही. समितीला मी बघते."

२ मार्च
प्रकरण नव्यानं लिहितेय. दिवसभर कॉलेज, लायब्ररी. बाबांना दुपारी फोन करायचा नाही असा घरचा कायदा आहे. "मी झोपतो." आई गेल्यापासून हेच ऐकतेय. कधी पडताळून पाहिलं नाही. दुनियेच्या बेला वाजवत हिंडले.

चाचणीतली माणसं मोजत नाहीत म्हणे. लाज वाटते.

६ मार्च
आज तास लवकर संपले. लायब्ररीत न जाता घरी आले. अडीच वाजले होते. पर्समध्ये किल्ली होती, तरी बेल वाजवली. मनात म्हणत होते, झोपलेले असू देत, चिडू देत, ओरडू देत माझ्यावर.

बोट काढायच्या आत दार उघडलं.

"किल्ली विसरलीस?"
"नाही."
माझ्याकडे बघितलं, मग बॅगेतून डोकावणाऱ्या फॉर्मांकडे. इस्त्रीचा शर्ट होता अंगात. कुठे जायचं नव्हतं त्यांना.
"बाबा, तो सातवा प्रश्न –"
"आधी आत ये. ऊन किती आहे."

आत चहा टाकताहेत. आधणाचा आवाज येतोय. मी बाहेरच्या खोलीत हे खरडतेय, फॉर्म तसाच बॅगेत. आत्ताच विचारलं त्यांनी, "साखर घालू ना गं? दुपारी तू कशी घेतेस ते मला माहीत नाही."