धर्मेंद्रच्या बोटीवर

प्रिय धर्मेंद्र,

अनेक आशीर्वाद. मी पिपरी मेघेला सुखरूप पोचले, हे तुला फोनवर कळलंच आहे. घरी आल्यावरही दोन-तीन दिवस मला जमीन हलल्यासारखी वाटायची. ओट्यापाशी पाय फाकवून उभी राहिलेली पाहून तुझे बाबा म्हणाले, "काऊन अशी उभी राहून राह्यली?" शेजारच्या रुख्माबाईंना फोटो दाखवले. शिडाच्या बोटीत स्वयंपाकघर असतं, लाट आली की शेगडीही झुलते आणि भाजी सांडत नाही, हे त्यांना काही केल्या पटेना.

मलेशियातल्या लंकावीच्या त्या बेटांची नावं मी विसरले. क्रम तेवढा आठवतो. सकाळी शीड चढवायचं, दुपारी दुसऱ्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा, मग तू बुडी मारून नांगर रुतला की नाही ते पाहून यायचास. तोवर माझा जीव वर टांगलेला. डोकं वर आलं की मी पोहे फोडणीला टाकायची.

त्या दुपारी वारा फिरला तेव्हा मी कांदा चिरत होते. नांगर सुटला आणि आपली बोट मागच्या बोटीकडे सरकायला लागली. तू इंजिन सुरू करून माझ्या हातात सुकाणू दिलंस. "मले जमणार नाई रे," मी म्हटलं. "जमते आई. समोरच्या सुळक्याकडे तोंड राहू देजो, बस." तू पुढे जाऊन साखळी वर घेत होतास, पावसात मला दिसतही नव्हतास. सुळका मात्र मी सोडला नाही. नांगर पुन्हा रुतल्यावर मी आत जाऊन रडले, हे तुला सांगितलं नव्हतं.

वर आले तर तू काठावरचं एक झाड आणि त्यामागचा खडक यांच्याकडे टक लावून बसला होतास. बोट सरकते का, ते पाहत. चहा गार झाला तरी तुझी नजर हलली नाही. आणि मला आपलं कापडाचं दुकान आठवलं. गिऱ्हाईकाला दोन लुगडी दाखवून तू म्हणायचास, "नाई आवडत तर राहू द्या," आणि बाबा कपाळाला हात लावायचे.

आता खरं सांगते. मी फिरायला आले नव्हते. जहाजावरची नोकरी सोडून तू ही जुनी बोट घेतलीस, तेव्हापासून बाबा तुझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांनीच मला धाडलं होतं. "तुयं ऐकते तो. घेऊन ये त्याले." रोज सकाळी मी विषय काढायचं ठरवायची. त्या दुपारनंतर ठरवणं सोडून दिलं.

आणि विमानतळावर तूच म्हणालास, "आई, बोट घ्यायले एक जण तयार आहे. दिवाळीनंतर मी कायमचा येतो." बाबांना हवं होतं ते न मागता मिळालं. मी मात्र तुझ्याकडे पाहू शकले नाही.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. तू यायला तयार आहेस हे, आणि मला तुला आणायचं नाही, हेही. "मंग दुकान कोन पाहीन?" मी म्हटलं, तुमचा भाचा कैलास इतकी वर्षं पाहतोच आहे. ते उठून गेले. आठवडाभर जेवण उरकलं की थेट दुकान गाठायचे. काल पोळी मोडता मोडता एकदम म्हणाले, "त्या बोटीत झोपायले जागा असते का?"

हे फोनवर सांगितलं असतं तर तू हो-नाही करत बसला असतास, म्हणून लिहिते. त्या माणसाला नाही म्हणून कळव. बोट विकू नकोस. बाबांचा पासपोर्ट काढायला आम्ही सोमवारी नागपूरला जातो आहोत. त्यांना केळझरच्या एसटीतसुद्धा मळमळतं, तेव्हा पहिले दोन दिवस नांगर उचलू नको.

तुझीच,
आई (शकुंतला)