सांग बापाशीक, सांग आवशीक

८ जुलै २०२४
मायनर मिळालं — कम्युनिकेशन! मेजर रसायनशास्त्र, आणि त्याला ही शेपटी. मी मानसशास्त्र मागितलं होतं, पण जागा भरल्या. ऑफिसातली बाई म्हणाली, "घे गो, सोपां आसा." असणारच सोपं. बोलायला शिकवणार म्हणे! आमच्या धारगळच्या कोंबड्याही न शिकता बोलतात.

१५ जुलै
गोकुळदास सरांनी फळ्यावर चार चौकोन काढले. बोलणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा. मधे बाण. तास संपला! एवढ्यासाठी मी धारगळहून म्हापशापर्यंत बसमध्ये लोंबकळत आले. शेजारची साक्षी ते चौकोन वहीत पट्टीने काढत होती. तुयेला राहते, वडील कोल्हापूरहून कारखान्यात आलेले. तिला सगळंच आवडतं. असल्या माणसांची मला भीती वाटते.

२ ऑगस्ट
प्रकल्प — "घरातल्या संवादात एक बदल करा आणि काय होतं ते लिहा." वर्गातला साईश जेवताना मोबाईल बंद ठेवणार. टाळ्या! महात्माच जणू.
पण बसमध्ये एकदम लक्षात आलं. आमच्या घरात आईकडून बाबांकडे बाण जातच नाही. जातो तो माझ्यातून. मी आठवीत असल्यापासून. आई शेगडीपाशी, बाबा दोन हातांवरच्या खुर्चीत बसलेले, आणि आई मला सांगते, "सांग बापाशीक, उंडे-पाव संपले." बाबा मला म्हणतात, "सांग आवशीक, माका ऐकाक आयला." चांगली पन्नाशीची माणसं! मी माध्यम. पगार नाही, सुट्टी नाही.

५ ऑगस्ट
आज जाहीर केलं — ह्यापुढे मी कोणाचा निरोप कोणाला देणार नाही.
"ह्यां खंय शिकलंस?" आई.
"कॉलेजात."
बाबा चिडले. "सांग तिका, चेडवाक पिसा लागला—" आणि तोंड उघडंच राहिलं. सांगणार कोण? मला इतकं हसू आलं की ताक नाकात गेलं.

९ ऑगस्ट
गॅस संपला. आईला माहीत, बाबांना नाही. जेवण नाही. बाबा हमरस्त्यावर जाऊन भजी-पाव खाऊन आले, आई फरसाण खात बसली. मी साक्षीच्या डब्यातली भाकरी खाल्ली. कोणी कोणाशी एक शब्द बोलेल तर शपथ!

११ ऑगस्ट
आता मांजराशी बोलतात. "गो माजरा, नळ गळता." बाबा पेपरात बघत म्हणतात, "माजरा, उद्या बघतंय." शेजारचे शांतारामकाका चहाला आले, तर दोघांनी त्यांनाच माध्यम केलं. मी त्यांना हाताला धरून गेटपर्यंत पोचवलं. बिचारे अर्धा चहा टाकून गेले.

१४ ऑगस्ट
साक्षीला सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती म्हणाली, "पण ते का बोलत नाहीत, हे तू विचारलंस का गं कधी?" मालिका बघून बघून मुली अशा होतात.
विचारलं नव्हतं.

१८ ऑगस्ट
विचारलं. आई तांदूळ निवडत होती, थांबलीसुद्धा नाही.
"पेडण्यातसून एक बाई आयली होती. बालवाडीत शिक्षिका होतंस काय म्हणान विचारूक. मी दारामागे उभी, हात ओले. तुझ्या बापाशीन थंयच्या थंय सांगल्यान — तिका जमाचा नाय. बाई गेली. माझा उत्तर त्येंनी दिला. मगे म्हटला, माका तोंड खंय आसा?"
एवढंच. एवढ्यासाठी इतकी वर्षं!
मग बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खंयची बालवाडी?"
खरंच आठवत नव्हतं त्यांना. कोणाची कीव करावी तेच कळेना, म्हणून कोणाचीच केली नाही.

२१ ऑगस्ट
सरांनी कच्चा मसुदा वाचला. "छान. फक्त शेवट सकारात्मक कर." माझ्या आईबापांना कळवते, सर!

२८ ऑगस्ट
आज जेवताना आई बाबांसमोर येऊन उभी राहिली.
"ऐका."
बाबांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं.
"थंय नको. हंय बघा. चवथ झाली काय मी मयेक जातंय, भावाकडे. थंय बालवाडीत बाई होयी. मीच फोन केलंय, मीच हो म्हटलंय."
बाबांचा घास हातातच. आमटी मनगटावरून ओघळत होती. मग वळले माझ्याकडे — "सांग तिका..."
मी पानात बघत राहिले. आई थांबली. बराच वेळ थांबली. त्यांनी तेवढ्यात काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं. नको जाऊ, नाहीतर जा, नाहीतर मीठ कमी आहे. काहीही! ते हात धुवायला उठले.
आई मला म्हणाली, "तू गप झालंस, म्हणान माका बोलूचा पडला." रागाने नाही. आभार मानल्यासारखं. रागाने म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

७ सप्टेंबर
चवथ, घरात गणपती. आरतीला दोघं शेजारी उभे राहून एका सुरात. पाहुणे म्हणाले, जोडा बघा कसा शोभतो! पाहुण्यांना कम्युनिकेशनचं मायनर द्यायला हवं.

१६ सप्टेंबर
आई गेली. मामा गाडी घेऊन आला होता. बाबांनी बॅग गाडीत ठेवली, नीट, उभी. प्रकल्पाला पूर्ण मार्क मिळाले. सरांनी वर्गात वाचून दाखवला, साईशने टाळ्या वाजवल्या. मी तास सोडून बाहेर आले.

२० सप्टेंबर
सकाळी बाबांनी चहा केला. पाणचट. समोर बसले, कप फिरवत राहिले, मग म्हणाले, "आणि तुझा? तुझा कसा चल्ला आसा?"
हे कोणाला सांगायचंय म्हणून मी मागे वळून पाहिलं.