खिडक्या लावून झालेली सभा

लखनऊ, जून

प्रिय मंजिरीताई,

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू पुण्याला गेल्यावर आपल्या सोसायटीची सभा भरली. जुने नियम दुरुस्त करायचे, एवढंच ठरलं होतं. मीच मास्तरकी करत सभेला इतिहास सांगितला. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्यांनाही जुन्या कराराच्या दुरुस्तीसाठीच पाठवलं होतं, पण त्यांनी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून नवीच घटना लिहिली. गुलामांना मत नव्हतं, तरी त्यांची पाचांतली तीन डोकी मोजून मालकांच्या राज्यांना जास्त जागा मिळाल्या.

सेक्रेटरी म्हणाले, "प्रोफेसर साहब, बहुत बढ़िया." मग या उकाड्यात त्यांनी उठून खिडक्या लावल्या.

आता भाडेकरूंची मतं घरमालकच देणार, आणि कुणी घर रिकामं करायचं ते रविवारी ठरणार.

ठरावाखाली माझी सही आहे. ताई, तू भाडेकरू आहेस हे सही करताना मला आठवत होतं.

तुझा धाकटा,
हरिहर