नातीच्या हळदीची कॅसेट

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि माझी मजल चौथीपर्यंतची. तरी लिहितेय, कारण हे तोंडानं सांगायची माझी हिंमत नाही. परवा थोरली आली होती. तिच्या लग्नाच्या त्या काडेपेटीएवढ्या कॅसेटी इतकी वर्षं कपाटात पडून होत्या, त्या चालवायला कॅमेराच मिळत नव्हता. तिनं कुठून तरी एक दुकान शोधलं आणि सगळं हार्ड डिस्कवर उतरवून आणलं. साबणाच्या वडीएवढी डबी. म्हणाली, "आई, व्हिडिओवाल्यानं जोडून दिलेल्या मोठ्या कॅसेटमध्ये कापाकापी असते, ह्यात मूळचं सगळं असेल. आजीचं गाणं पण." मी लसूण सोलत बसले. मला माहीत होतं काय असेल ते.

इथं ह्या गुजराती मुलखात प्लेग आला तेव्हा सगळे गावाला पळालो आणि परत आलो, त्यानंतर चार-पाच वर्षांनी हे लग्न. बमरोलीच्या गल्लीत मांडव. व्हिडिओवाला गुजराती, त्याच्याकडे नवा डिजिटल कॅमेरा, आणि त्याचा तोरा असा की नवरदेव तोच. तू जात्यावर बसलीस, हळद दळायला घेतलीस आणि गाणं उचललंस. गल्लीतल्या बायकांना दोन कडव्यांपुढे येत नव्हतं. तुला सगळं येत होतं, पार नवरीच्या मामाच्या घोड्यापर्यंत. हळद झाल्यावर त्यानं कॅमेऱ्याची वायर आमच्या टीव्हीला लावली. तेव्हा असंच होतं, लगेच बघितल्याशिवाय लोकांचा जीव राहायचा नाही. एका खोलीत तीस माणसं. तू पुढं सरकलीस. "हाऊ आवाज मनाच शे का वं?" स्वतःचाच आवाज तुला ओळखू येईना. सगळे हसले. तू नाही हसलीस. पदर तोंडाला लावून बघत राहिलीस.

मग तो जेवायला गेला. जाताना मला म्हणाला, "बेन, बटनने हाथ ना लगाडता." लोक पांगले, तू तिथंच. "परत दखाड ना वं." त्याचं बघून मला मागं न्यायचं बटन कळलं होतं. एकदा दाखवलं. दोनदा. तिसऱ्यांदा मी वैतागले, पाहुण्यांचा चहा राहिला होता. "काय लहान पोरासारखं लावलंय," म्हणाले, तरी गाण्याच्या सुरुवातीशी नेऊन थांबवलं. तेवढ्यात बाहेर बँड वाजला, वरात आली. तो धावत आला, वायर उपटली. दारातच थांबून विचारलं त्यानं, "कोईए हाथ तो नथी लगाड्यो ने?"

मी म्हणाले, "ना रे, कोण लावणार?"

बस, एवढंच. खरं बोलले असते तर त्यानं कॅसेट पुढं नेली असती. दोन मिनिटांचं काम.

महिन्यानं मोठी कॅसेट आली तेव्हा तू अजून इथंच होतीस. जावई, व्याही, सगळे बघायला बसले. हळद आली, आणि एकदम वरात. कॅसेट घेऊन आलेल्या व्हिडिओवाल्यावर मी अशी तुटून पडले की शेजारीण दारात आली. तो म्हणाला, बेन, कुणीतरी मागं घेतली, त्यावरच वरात भरली गेली. आणि मी बोट दाखवलं. तुझ्याकडं. "हिनं! सारखं परत दाखव, परत दाखव. म्हाताऱ्या माणसाला एक कळत नाही."

तू माझ्याकडं बघितलंस. बघितलंस ना? मला अजून वाटतं बघितलंस. मग खाली बघून म्हणालीस, "मनाच हात लागना व्हई. माले काय समजस त्यामा." आपलाच हात लागला असेल म्हणालीस, आणि तू त्या मशीनला बोटसुद्धा लावलं नव्हतंस. व्याहीण म्हणाली, जाऊ द्या, वय झालं. दुसऱ्या दिवशी तू गावाची गाडी पकडलीस. पोहोचवायला मी आले नाही, पाण्याची वेळ होती. दिवाळीच्या आत तू गेलीस, आणि तुझा फोटो म्हणून घरात रेशन कार्डावरचा, त्यात अर्ध्या चेहऱ्यावर शिक्का.

परवा थोरलीनं ते लावलं. तुझा हात जात्याच्या खुंट्यावर. बांगड्या. जातं एकदा फिरतं, तू मान वर करतेस, तोंड उघडतेस, आणि बँड. घोडा. नाचणारे पुरुष. मी पुढं सगळं बघितलं, शेवटपर्यंत, वेड्यासारखी. कुठं एक ओळ राहिली असेल म्हणून. नाही. ते गाणं आता कुणालाच येत नाही, माय. मलाही नाही. मी कधी नीट ऐकलंच नाही, मला चहाची घाई.

थोरली रडत होती. म्हणाली, "आई, आजीचाच हात लागला होता ना गं?"

मी हो म्हणाले.

हा कागद मी त्या डबीखाली ठेवला होता, तिला सापडेल म्हणून. सकाळी उठून काढून घेतला.